कर्मवीर भाऊराव पाटील आणि मुठीमुठीचे धान्य

देवस्थानच्या या पत्रिकेतून साधुसंतांची चरित्रे वाचकांस नेहमीच वाचावयास मिळतात. या खेपेस ज्यांचे चरित्र आम्ही सादर करीत आहो ते पुरुष संत नव्हते, शास्त्री नव्हते, मॅट्रिकची परीक्षासुद्धा त्यांच्या हातून पार पडली नव्हती. तथापि घाटापलीकडे सातारा, सांगली, कोल्हापूर या मुलखात ज्यांच्या आजोबांनी घराण्यात पहिल्यांदा पाटी हाती घेतली, अशा असंख्य घरांत कर्मवीर भाऊराव पाटील हे नाव कुलदैवताच्या खालोखाल घेतले जाते. गरिबाचे मूल शिकावयाचे तर त्यासाठी नेमके काय काय लागते, याचा त्यांच्याइतका बारीक शोध फार थोड्यांनी घेतला असेल. तो आपल्या मये गावासही उपयोगी पडण्याजोगा आहे, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज या गावी, आजोळी झाला. मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. ते आज सांगली जिल्ह्यात मोडते. घराणे जैन, शेतकरी. वडील महसूल खात्यात नोकरीस होते. भाऊराव लहानपणी अंगाने दणकट आणि स्वभावाने हूड. अस्पृश्य मानलेल्या बायकांना गावच्या विहिरीचे पाणी मिळत नाही हे पाहून त्यांनी विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी गोष्ट त्या भागात अजून सांगतात.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापुरास राजाराम हायस्कुलात गेले आणि जैन वसतिगृहात राहू लागले. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या समारंभास भाऊराव हजर राहिले. परत आल्यावर, स्नान करून शुद्ध झाल्याखेरीज पंगतीस बसावयाचे नाही, असा त्यांना हुकूम झाला. भाऊरावांनी तो मानला नाही. परिणाम असा झाला की वसतिगृह सुटले, आणि शाहू महाराजांच्या छत्राखाली त्यांची सोय लागली.

सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या आम्हांस हा प्रसंग प्रथम वाचताना अडखळावयास झाले, हे कबूल केले पाहिजे. आम्ही तर दिवसातून दोनदा स्नान करून गाभाऱ्यात जातो. एक स्नान केले असते तर त्या मुलाचे काय बिघडले असते? पुष्कळ दिवसांनी ध्यानात आले की, ते स्नान केले असते तर माणसाच्या सावलीने माणूस बाटतो या गोष्टीवर त्यांनी आपल्या हाताने शिक्का मारला असता. देवापुढे शुचिर्भूत होणे निराळे आणि शेजाऱ्याला धुऊन टाकणे निराळे. हा फरक एकवीस वर्षांच्या, गणितात कच्च्या असलेल्या त्या विद्यार्थ्यास कळला होता.

या वसतिगृहाची सूत्रे त्या काळी अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. पुढे १९१४ साली कोल्हापुरात राजघराण्याच्या पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. ज्यांच्या अमलाखालील वसतिगृहातून आपल्याला बाहेर पडावे लागले त्यांचा सूड घेण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी साक्ष दिली नाही, कोठडी पत्करली. छळ इतका झाला की त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. त्यांच्या पुढील आयुष्याचा पाया कोणता, असे कुणी विचारल्यास आम्ही या प्रसंगाकडे बोट दाखवू.

पोटासाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. नंतर ओगल्यांच्या काचकारखान्याचे आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडले. एखाद्या योजनेस हात घालण्यापूर्वी आजकाल पाहणी करतात, तक्ते भरतात. भाऊरावांची पाहणी या फिरतीत झाली. नांगर विकावयास शेतकऱ्याच्या ओसरीवर बसले की घरात किती तोंडे आहेत, मोठा मुलगा शाळेत का नाही, सावकाराचे देणे किती, हे आपोआपच उघड होई. ज्ञानदेव घोलप नावाचा एक महार मुलगा शाळेबाहेर बसलेला त्यांना दिसला. त्यांनी त्यास कोल्हापुरास नेऊन मिस क्लार्क वसतिगृहात ठेवले. हाच मुलगा पुढे मुंबईच्या कायदेमंडळात सभासद म्हणून बसला.

या भटकंतीतून त्यांना जे उमगले ते वरवर पाहता अगदी साधे आहे. शाळेची फी हा गरिबाच्या वाटेतला एक धोंडा झाला. त्याच्यामागे आणखी दोन मोठे धोंडे असतात, भाकरी आणि निवारा. हायस्कूल तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या गावी. शेतमजुराचा मुलगा तिथे जाऊन राहणार कुठे, जेवणार कुठे? फी माफ केली तरी तो मुलगा घरीच राहणार. म्हणून भाऊरावांनी आधी वसतिगृह काढले आणि शाळा मागाहून.

हे आम्हांस पुस्तकातून कळण्याआधी डोळ्यांनी दिसले होते. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा आपल्या डिचोली तालुक्यातील कित्येक घरांची मिळकत एका आठवड्यात आटली. आम्ही त्या वेळी शाळेत होतो. आमच्या बाकावरील एक मुलगा हळूहळू येईनासा झाला. शाळेत फी नव्हती, पुस्तकेही मिळत होती. पण वडिलांच्या ट्रकचे हप्ते थकले होते आणि घरी कमावणारा आणखी एक हात हवा होता. तो का येत नाही, हे विचारावयास त्याच्या दारी कुणीही गेले नाही. आम्हीही गेलो नाही.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या सुमारास, कराड तालुक्यातील काले या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. रयत म्हणजे कष्टकरी प्रजा. नावातच सर्व आले. दोन वर्षांनी नेर्ले येथे वसतिगृह निघाले आणि १९२४ साली संस्थेचे बिऱ्हाड साताऱ्यास आले. हाती भांडवल नव्हते. भाऊराव गावोगाव जाऊन घराघरातून मूठ मूठ धान्य गोळा करीत. कुणी जोंधळे देई, कुणी सरपण, कुणी भाजी. ज्या घरात देण्यास पैसा नसतो त्या घरातही एक मूठ धान्य असते. आणि जो मूठ देतो त्याला त्या मुलांविषयी आपलेपणा वाटू लागतो. ही रीत आपल्या गोमंतकालाही परकी नाही. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ सालची. तिचे नावच त्या मुठीवरून पडलेले आहे.

पुजाऱ्याच्या घरात जन्मलेल्यास या मुठीचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. आमचे ताटही गावच्या शिध्यावर भरत आले. कुळाव्यांनी देवीपुढे ठेवलेले तांदूळ, नारळ आणि केळी यांवर आम्ही मोठे झालो आणि शाळा शिकलो. त्यास कुणी भीक म्हटले नाही. मग घामाने शेत पिकविणाऱ्याच्या मुलास गावाने मूठभर तांदूळ दिले तर तो उपकार कसा म्हणावा? आपल्याकडील देवस्थानांच्या अग्रशाळांत जात्रेच्या दिवसांत पाय ठेवावयास जागा नसते. एरवी महिनेच्या महिने कुलपे लागलेली असतात. महाजनांच्या बैठकीत कुणी हा विषय काढला तर आम्हांस त्यात वावगे दिसणार नाही.

साताऱ्याच्या त्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, ब्राह्मण अशा सर्व जातींची मुले एका छपराखाली राहत आणि एका पंगतीस जेवीत. आज हे वाक्य लिहिणे सोपे आहे. त्या काळी यासाठी बहिष्कार सोसावा लागे, देणगीदार पाठ फिरवीत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या सोवळे पाळणाऱ्या घरातून आलेल्या. आपल्या चुलीपाशी महाराचे मूल येऊन बसते, हे प्रथम त्यांना कसे वाटले असेल, याची कल्पना आमच्या आईआजींकडे पाहून आम्हांस करता येते. पण त्याच लक्ष्मीबाई पुढे त्या सर्व मुलांच्या आई झाल्या. आजारी मुलाच्या उशाशी बसणे आणि सणाला गोडधोड करून घालणे हे सारे त्यांनी केले. धान्य संपले तेव्हा एकेक दागिना मोडला, आणि अखेर एकदा गळ्यातले मंगळसूत्रही गेले. सौभाग्यवती स्त्रीने मंगळसूत्र उतरविणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकभगिनींस सांगावयास नको. कुलाचार म्हणून आजवर जे जे शिकविले गेले ते सर्व एका बाजूस आणि उपाशी मुले दुसऱ्या बाजूस, असा तो क्षण होता. १९३० साली लक्ष्मीबाई वारल्या. भाऊरावांच्या संस्थेचे श्रेय मोजताना लोक या बाईंना दुसऱ्या ओळीत बसवितात. आमच्या मते ओळ एकच असावी.

१९२७ साली महात्मा गांधी साताऱ्यास आले आणि त्यांच्या हस्ते वसतिगृहास छत्रपती शाहू महाराजांचे नाव मिळाले. १९३२ साली पुणे करार झाल्यावर त्याच धर्तीवर पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले. १९३५ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि शिक्षक तयार करण्यासाठी साताऱ्यात अध्यापक विद्यालय सुरू झाले. त्यास पुढे महात्मा फुल्यांचे नाव दिले गेले. गावात शाळा काढावयाची तर खेड्यात राहण्यास तयार असलेला मास्तर हवा, आणि शहरात शिकलेला मास्तर डोंगरातल्या वाडीवर टिकत नाही, हेही त्यांनी फिरतीतच पाहिले होते. मग डोंगरकपारीच्या गावांतून व्हॉलंटरी शाळा निघाल्या. देवळाची ओवरी, गावची चावडी, जिथे जागा मिळेल तिथे मुले बसली. अशा शाळांची संख्या दहाबारा वर्षांत पाचशेंच्या वर गेली.

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. तिथे शिक्षण मोफत, राहणे तिथेच, आणि मोबदल्यात मुलांनी अंगमेहनत करावयाची. माळरानाची जमीन मुलांनी खणली, दगड फोडले, विहिरी खोदल्या, बागा उठविल्या. १९४७ साली निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजातही हीच कमवा आणि शिका योजना होती. अभ्यासाच्या वयात मुलांकडून खडी फोडवून घेणे योग्य की अयोग्य, याविषयी शंका घेणारे त्या वेळीही होते. शंका अगदीच अनाठायी नाही. थकलेल्या मुलाचे लक्ष पुस्तकात लागत नाही, हे कुणीही कबूल करील. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. फुकट जेवणारा मुलगा मान खाली घालून जेवतो. स्वतः उपटलेल्या भुईमुगाच्या शेंगा खाणारा मुलगा मान वर करून जेवतो. भाऊरावांना मुलांच्या पोटाइतकीच त्यांच्या मानेची काळजी होती. शिवाय ते स्वतः कुदळ घेऊन पुढे असत. पांढरी दाढी, अंगावर खादी, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी अशा या म्हाताऱ्यास नवखा माणूस शेतगडीच समजे.

स्पष्टवक्तेपणा त्यांना अनेकदा महाग पडला. १९४८ च्या सुमारास सरकारी धोरणावर त्यांनी जाहीर टीका केली, तेव्हा संस्थेचे अनुदान बंद झाले आणि शेकडो शिक्षकांचे पगार अडले. त्या वेळी गाडगे महाराज मदतीस धावले. त्यांनी सरकारदरबारी रदबदली केली आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. एक हातात खराटा धरणारा, दुसरा कुदळ धरणारा. दोघेही देवळाच्या आतील देवापेक्षा देवळाबाहेर बसलेल्या माणसाकडे आधी पाहत. १९५४ साली कराडला संस्थेचे कॉलेज निघाले, त्यास सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले गेले.

१९५९ साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण हा किताब दिला. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने, मॅट्रिक न झालेल्या या गृहस्थास, डी.लिट. ही पदवी अर्पण केली. तोवर शरीर थकले होते. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. साताऱ्यास त्यांची समाधी आहे. संस्थेचे बोधचिन्ह म्हणून त्यांनी वटवृक्ष निवडला होता. आज तिच्या शाळा, महाविद्यालये व वसतिगृहे मिळून शाखांची संख्या सातशेंच्या पुढे गेली आहे, आणि साताऱ्याच्या कॉलेजात शिकता शिकता काम करून फी भागविणारी मुले अजूनही दिसतात.