देवाची इच्छा आणि संत गोन्सालो गार्सिया



पित्याची इच्छा पूर्ण होवो, असे आपण प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत रोज मागतो. मात्र आपली स्वतःची इच्छा मोडते तेव्हा तीच प्रार्थना ओठांवर अडखळते. लातूर-नांदेडच्या किती घरांत वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या निकालाच्या दिवशी कोणी धड जेवत नाही! दोन वर्षे राबलेले लेकरू विचारते, देवाने माझे का ऐकले नाही? अशा वेळी आपण आपल्याच महाराष्ट्रातील एका संताकडे पाहू या.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सुमारे १५५७ साली वसई येथे झाला. येशूसंघीय धर्मगुरूंकडे ते शिकले आणि कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली व सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. आपल्याला येशूसंघात घ्यावे अशी त्यांची मनापासून इच्छा होती. ती मान्य झाली नाही.

मग त्यांनी व्यापार केला आणि तो भरभराटीला आला. तरी प्रभूची हाक मनातून गेली नाही. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. ते धर्मगुरू कधीच झाले नाहीत. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना मनिलाहून जपानला पाठविण्यात आले, तेव्हा दुभाषी म्हणून बंधू गोन्सालो सोबत गेले. ज्या वर्षांच्या शेवटी पदरी नकार पडला होता, त्याच वर्षांत शिकलेली भाषा आता सुवार्तेच्या कामी आली.

१५९६ च्या अखेरीस जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने त्यांना अटक झाली. भर थंडीत बंदिवानांना क्योतोहून नागासाकीला नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत १७ जण प्रापंचिक होते. १८६२ साली पोप नववे पायस यांनी या सर्वांना संत घोषित केले.

प्रियजनहो, नशिबाला हात जोडून बसणे म्हणजे आज्ञापालन नव्हे. प्रत्येक बंद दार देवानेच लावले, असे म्हणण्याचीही घाई आपण करू नये. पुष्कळ दारे माणसे लावतात, तरीही देव त्यातून वाट काढतो. आपण हाक ऐकत राहावे आणि समोर आलेले काम प्रेमाने करावे. मग ते काम दुबार पेरणीचे असो, आजारी सासूच्या पथ्यपाण्याचे असो, की हिरमुसलेल्या लेकराला न रागावता जवळ घेण्याचे असो.

या आठवड्यात रोज रात्री कुटुंबाच्या प्रार्थनेत आपण स्वतःला विचारू या: आज देवाने कोणते काम समोर ठेवले आणि आपण त्याला होकार दिला का?

संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती कर.