संत जोसेफ वाझ : दहा वर्षांच्या तयारीनंतरचे प्रस्थान

दरवर्षी १६ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा श्रीलंकेचे प्रेषित संत जोसेफ वाझ यांचे पुण्यस्मरण करते. लंकेतील त्यांचे महान कार्य आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. परंतु त्या कार्यासाठी घरदार सोडण्यापूर्वी परमेश्वराने त्यांना कसे घडविले, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. गुरुदीक्षा १६७६ साली आणि लंकेसाठी प्रस्थान १६८६ साली. मधल्या या दहा वर्षांवर आज आम्ही विशेष चिंतन करू इच्छितो.

बालपण व गुरुदीक्षा

जोसेफ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली या आजोळच्या गावी झाला. पित्याचे नाव ख्रिस्तोव्हांव वाझ व मातेचे मारिया दि मिरांदा. कुटुंब मूळचे सांकवाळचे, कोकणीभाषक, प्रतिष्ठित आणि श्रद्धाळू. सांकवाळ व बाणावली येथे पोर्तुगीज व लॅटिनचे धडे घेतल्यावर त्यांनी गोवा शहरात येशूसंघीयांच्या संत पॉल महाविद्यालयात आणि पुढे डोमिनिकन धर्मगुरूंच्या विद्यालयात शिक्षण पूर्ण केले.

गुरुदीक्षा होताच तरुण फादर वाझ यांनी पायांतील पादत्राणे काढून ठेवली. गरीब अनवाणी चालतात, तर त्यांचा सेवकही अनवाणीच चालेल, असा त्यांचा निर्धार होता. सांकवाळ येथे त्यांनी मुलांसाठी लॅटिनची शाळा उघडली. ५ ऑगस्ट १६७७ रोजी त्यांनी स्वतःला पवित्र मरियेचा आजन्म दास म्हणून वाहून घेतले आणि तसे दास्यपत्र स्वहस्ते लिहून दिले. ज्याला पुढे सर्वस्व सोडून जायचे होते, त्याने स्वतःवरील आपला हक्क असा आधीच सोडून दिला होता.

लंकेची हाक

याच काळात लंकेतील कॅथलिक बांधवांची व्यथा त्यांच्या कानी आली. डचांनी १६५६ साली कोलंबो व १६५८ साली जाफना पोर्तुगीजांकडून जिंकून घेतले होते. कॅथलिक धर्मगुरूंना तेथे बंदी झाली आणि हजारो श्रद्धावंत मिस्सा व साक्रामेंतांवाचून पोरके झाले. ना पापनिवेदन, ना मरणसमयी धर्मगुरू.

फादर वाझ यांनी लंकेला जाण्याची परवानगी मागितली. त्या वेळी गोव्याचे आर्चबिशपपद रिक्त होते. कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्यांना लंकेऐवजी कॅनरा प्रदेशात पाठविले. मनात एक वाट आणि आज्ञा दुसऱ्या वाटेची! कोणताही हट्ट न धरता ते १६८१ साली मंगळूरकडे निघाले.

कॅनरातील शिकवण

कॅनरातील परिस्थिती बिकट होती. पोर्तुगालच्या राजाचे धार्मिक अधिकार आणि रोमहून नेमलेल्या बिशपांचे अधिकार यांचा तेथे संघर्ष चालू होता आणि त्यात श्रद्धावंत दुभंगले होते. फादर वाझ यांनी विनयाने व संयमाने समेटाचा मार्ग धरला. सुमारे तीन वर्षे त्यांनी गावोगाव पायी फिरून विखुरलेल्या कुटुंबांना एकत्र केले, चर्चची उभारणी केली, शाळा सुरू केल्या. धर्मगुरूविना राहिलेला कळप कसा शोधायचा आणि कसा सांभाळायचा, हे ते येथे शिकले. तेव्हा दिसली नसली तरी लंकेची तयारी ती हीच होती.

ओरेटरी संघ

१६८४ साली ते गोव्यास परतले. जुने गोवे येथील टेकडीवरील चमत्कारी पवित्र क्रुसाच्या चर्चजवळ काही गोमंतकीय धर्मगुरू सामुदायिक जीवन जगत होते. त्या काळी युरोपीय धर्मसंघांची दारे भारतीय धर्मगुरूंना सहसा बंद असत. फादर वाझ या समूहात सामील झाले आणि १६८५ साली संत फिलिप नेरी यांच्या आदर्शानुसार तेथे ओरेटरी संघाची स्थापना झाली. सर्वांनी त्यांनाच प्रमुख निवडले.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. मान, स्थैर्य, जिव्हाळ्याचे बंधू, मायभूमीत करण्याजोगे भरपूर कार्य, सारे काही आता त्यांच्याजवळ होते. नुकत्याच रुजलेल्या संघाला त्यांची गरजही होती. राहण्यासाठी याहून सबळ कारणे कोणती? परंतु लंकेत मरणाऱ्या माणसाजवळ धर्मगुरू नव्हता, हे ते विसरू शकले नाहीत. १६८६ साली त्यांनी प्रमुखपद सोडण्याची परवानगी मिळविली आणि ते निघाले.

मजुराच्या वेषात

योहान नावाचा एकनिष्ठ सेवक त्यांच्याबरोबर होता. किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास करीत ते तुतिकोरिनला पोहोचले. युरोपीय मिशनरी तेथे गेला असता, तर रंगावरूनच ओळखला गेला असता. भारतीय धर्मगुरू मात्र सामान्य लोकांत मिसळून जाऊ शकत होता. त्यासाठी त्यांनी झगा उतरवून मजुराचा वेष घेतला आणि तमिळ भाषेचा अभ्यास केला. प्रतिष्ठित घराण्यातील हा विद्वान धर्मगुरू १६८७ साली कंबरेला साधे वस्त्र गुंडाळून जाफन्यात उतरला.

उतरताच दोघेही गंभीर आजारी पडले. बरे झाल्यावर फादर वाझ गळ्यात जपमाळ घालून दारोदार भिक्षा मागू लागले. जपमाळ पाहून ज्यांचे डोळे पाणावत, ती घरे कॅथलिकांची, हे ते ओळखत. रात्रीच्या अंधारात मिस्सा होऊ लागल्या. सुमारे तीस वर्षांचा उपवास सुटला.

पुढे १६९२ साली ते कँडीच्या राज्यात गेले. पोर्तुगीज हेर समजून त्यांना कैद झाली. कालांतराने राजा दुसरा विमलधर्मसूर्य यांचा विश्वास त्यांनी संपादन केला आणि १६९७ च्या देवीच्या साथीत टाकून दिलेल्या रुग्णांची त्यांनी स्वतः शुश्रूषा केली. गोव्याच्या ओरेटरीतून फादर जोसेफ कार्व्हालो, फादर जाकोम गोन्साल्विस आदी सहकारी त्यांच्या मदतीस आले. त्यांनी मागे सोडलेला संघच आता त्यांना माणसे पुरवीत होता! ते स्वतः मात्र गोव्यास कधीच परतले नाहीत. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांनी प्राण प्रभूच्या हाती सोपविला.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी त्यांना धन्य घोषित केले आणि पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी संतपद बहाल केले. दोन्ही सोहळे कोलंबो येथे झाले.

आपल्यासाठी संदेश

मिशनकार्यासाठी निघणे म्हणजे सामानाची बांधाबांध नव्हे. संत जोसेफ यांनी प्रथम पादत्राणे सोडली, मग स्वतःची इच्छा, मग पद आणि शेवटी धर्मगुरूचा वेषही. एकेक गोष्ट सुटत गेली, तसतसे ते निघण्यास समर्थ होत गेले. आपल्या धर्मग्रामांतूनही मुले-मुली मिशनकार्यासाठी दूरच्या प्रदेशांत जातात. त्यांना निरोप देताना आईवडिलांचे अंतःकरण जड होते आणि ते स्वाभाविकच आहे. आपल्यालाही त्यांची गरज आहे, हे खरे. पण कुणाला तरी आपल्याहून अधिक गरज आहे, हे ओळखून त्यांना मोकळ्या मनाने जाऊ देणे, हाही मिशनकार्याचाच भाग आहे.

ज्यांची इच्छा आज अपुरी राहिली आहे, ज्यांना वेगळ्याच वाटेने पाठविले गेले आहे, त्यांनी कॅनरातील त्या तीन वर्षांचे स्मरण करावे. प्रतीक्षेचा काळ प्रभू वाया घालवीत नाही. संत जोसेफ वाझ, आम्हांसाठी विनंती करा.