सावित्रीबाई फुले आणि त्यांचे बंधू

श्रींच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या या मंगलप्रसंगी एका थोर स्त्रीच्या चरित्रातील एक प्रसंग वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहे.

आपला खानापूर तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. त्याच जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी सावित्रीबाईंचा जन्म झाला. १८४० साली त्यांचा विवाह पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाला. जोतीरावांनी त्यांना लिहावयास-वाचावयास शिकविले. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. लोकांनी त्यांच्या अंगावर शेण फेकले. सासरचे घरही सोडावे लागले. तरी त्या डगमगल्या नाहीत.

१८५६ साली त्या आजारी पडून माहेरी नायगावला आल्या. भावाने त्यांची मनापासून शुश्रूषा केली. भाऊ मायाळू होता, पण जातीचा व कुळाचा अभिमान मोठा. बहीण-मेहुण्यांना जातीने वाळीत टाकले याचा त्याला कमीपणा वाटे. नवऱ्याचे ऐकणे सोडून तिने जातीच्या रीतीने वागावे, असे तो तिला बोलू लागला. त्या बोलण्याने आईचा जीव दुखावला. नुकत्याच दुखण्यातून उठलेल्या बहिणीच्या मनाला घरच्याच माणसाचा घाव बसला. गावात आपली मान ताठ राहावी म्हणून भाऊ बहिणीला वाकवू पाहत होता.

सावित्रीबाई रागावल्या नाहीत व गप्पही बसल्या नाहीत. आपण गाई-शेळ्यांना कुरवाळतो, नागपंचमीला नागाला दूध देतो, मग माणसाचाच विटाळ का मानतो, असे त्यांनी भावाला विचारले. भाऊ निरुत्तर झाला. विद्येने माणसाचे पशुपण जाते, हे त्यांनी शांतपणे समजावून दिले. अखेर भावाला पश्चात्ताप झाला व आईचेही समाधान झाले. हा सर्व वृत्तांत सावित्रीबाईंनी जोतीरावांना पत्राने कळविला होता.

त्या दिवशी त्या भावापुढे नमल्या असत्या तर? १८६३ साली निराधार विधवांसाठी काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहात त्या बायकांना आई मिळाली नसती. १८९७ च्या प्लेगात रोग्यांना उचलून दवाखान्यात नेणारे हात दिसले नसते. त्याच सेवेत प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला.

हा प्रसंग जुना असला तरी आपल्या घरचाच आहे. गलाईच्या धंद्यानिमित्त आपले कितीतरी बंधू परमुलखात आहेत. यात्रेला आले की गावातल्या भावाला सुधारावयास निघतात. गावातला भाऊ त्यांच्या राहणीला नावे ठेवतो. कचेरीत नोकरी करताना मी पाहतो की, बांध दोन हातांचा असतो आणि अबोला वीस वर्षांचा. मुळाशी जावे तर जमिनीपेक्षा शब्दच जास्त लागलेला असतो. भावा-बहिणीला चार शब्द सांगू नयेत असे नाही. पण ते मायेपोटी की मोठेपणापोटी, हे आधी स्वतःस विचारावे.

मंदिराचे दगड नव्याने बसले, तशी घराघरांतील मनेही जुळोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.