सरफोजीराजांचे घर

महाराष्ट्रापासून दूर संसार थाटणाऱ्या मराठी माणसांचा इतिहास सांगू लागले, की तंजावरचे नाव अग्रक्रमाने येते. तेथील दुसरे सरफोजीराजे भोसले आपणांस परिचित आहेत ते विद्वान व ग्रंथसंग्राहक म्हणून. सरस्वती महालाच्या कीर्तीपुढे त्यांचा आणखी एक गुण काहीसा झाकला गेला आहे. आपल्या हाती आलेले घर आणि नगर कसे नीट राखावे, याची त्यांना उत्तम जाण होती. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी त्यांचे चरित्र त्या अंगाने पाहण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

सरफोजीराजांचा जन्म १७७७ साली भोसले कुळाच्या एका शाखेत झाला. तुळजाजीराजांनी १७८७ साली त्यांना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी ते निवर्तले. तुळजाजींचे बंधू अमरसिंह गादीवर आले व या बालकाच्या नशिबी राजवाड्यातच बंदिवास आला. सूर्यप्रकाश न पोहोचणाऱ्या खोलीत, शिक्षणावाचून, त्याचे दिवस जात होते. तुळजाजींनी ज्यांच्यावर मुलाचा भार सोपविला होता, त्या जर्मन धर्मोपदेशक श्वार्त्झ यांनी मद्रासच्या इंग्रज सरकारकडे दाद मागितली. पुढे १७९३ साली राजपुत्रास मद्रासला नेण्यात आले व तेथे त्यांचे शिक्षण सुरू झाले. १७९८ साली ते सिंहासनावर बसले.

दुसऱ्याच वर्षी, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांच्या हाती तंजावरचा किल्ला, भोवतालचा थोडा भाग आणि वार्षिक नेमणूक एवढेच उरले. असा राजा ख्यालीखुशालीत आयुष्य घालविता, तर कोणास नवल वाटले नसते. सरफोजीराजांनी मात्र जे उरले, त्याचीच मनोभावे निगा राखली.

राजवाडा त्यांना वारशाने मिळाला होता. नायक राजांनी सोळाव्या शतकात त्याचा आरंभ केला आणि व्यंकोजीराजांच्या काळी तो मराठ्यांकडे आला. त्यास मोडून नवा प्रासाद उभारण्याच्या भरीस सरफोजीराजे पडले नाहीत. जुन्यातच त्यांनी भर घातली. वीट व चुन्याच्या जाड भिंती बाहेरची उष्णता लवकर आत येऊ देत नाहीत. मोकळ्या चौकातून तापलेली हवा वर निघून जाते, खोल ओवऱ्या ऊन अडवितात आणि तरी उजेड मात्र आत पोहोचतो. विजेचा पंखा ज्या काळी ठाऊक नव्हता, त्या काळी कावेरीकाठच्या उकाड्यात माणसे सुखाने राहत होती, ती या रचनेच्या बळावर.

पाण्याची व्यवस्थाही अशीच विचारपूर्वक होती. पावसाचे पाणी गावाबाहेरच्या सेवप्पा नायक तलावात साठे. तेथे गाळ बसला, की ते बृहदीश्वर मंदिराशेजारच्या शिवगंगा तलावात येई आणि मातीच्या नळांतून राजवाड्याकडे व नगरातील विहिरींकडे जाई. ही मूळ योजना पूर्वसूरींची. सरफोजीराजांनी नगरासाठी तलाव व विहिरी बांधविल्या आणि सांडपाण्यासाठी जमिनीखालून गटारे केली. पिण्याचे पाणी आणि सांडपाणी यांची वाट वेगळी असावी, हा विचार त्यांनी नगरात प्रत्यक्ष उतरविला.

याच वाड्यातून विद्येचे पाटही वाहिले. ओरत्तनाड येथील मुक्तांबाळ छत्रात पांथस्थांना अन्न व मुलांना शिक्षण मिळे. १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना निघाला. धन्वंतरी महालात औषधे सिद्ध होत, तसेच नेत्ररोग्यांवर उपचार होत व त्यांच्या नोंदी ठेवल्या जात. काशीयात्रेहून राजे परतले, ते पोथ्यांचा मोठा संग्रह घेऊन. ७ मार्च १८३२ रोजी त्यांचे देहावसान झाले. पुत्र शिवाजीराजे १८५५ साली वारले आणि तंजावरचे राज्य नावापुरतेही उरले नाही. सरस्वती महाल मात्र १९१८ साली सर्वांना खुला झाला.

आज तंजावरच्या राजवीथींतील चौकाची व ओट्याची जुनी घरे एकेक करून पडत आहेत. त्यांच्या जागी चार बाजूंनी बंद अशी सिमेंटची घरे उभी राहतात. मग ती थंड ठेवण्यासाठी रात्रंदिवस यंत्रे चालवावी लागतात. छपरावरचे पाणी जमिनीत मुरविण्याची सक्ती तामिळनाडू सरकारला २००३ साली करावी लागली. तेच काम जुन्या गावात तलाव व विहिरी मुकाट्याने करीत होत्या.

सरकारी निवासस्थानांत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्यास निवृत्ती जवळ आली, की स्वतःच्या घराचे नकाशे खुणावू लागतात. मीही गावचे वडिलोपार्जित घर पाडून नवे बांधण्याच्या विचारात होतो. सरफोजीराजांच्या वाड्यातील चौकात घटकाभर बसलो आणि तो बेत मागे घेतला. छप्पर दुरुस्त करावे, विहिरीचा गाळ काढावा, बुजविलेली खिडकी उघडावी, एवढेच आता ठरविले आहे. आपणांपैकी अनेकांची अशी घरे गावाकडे कुलूपबंद आहेत. त्यांवर पहार चालविण्यापूर्वी तंजावरच्या या राजाचे क्षणभर स्मरण करावे, एवढीच नम्र विनंती.