रिकाम्या खुर्चीची वीज

विजेच्या तारेला प्लॅस्टिकचे वेष्टन असते, कारण प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही, हे आपण सारेच शाळेत शिकलो. हा धडा बदलायला लावणाऱ्या तिघांपैकी ॲलन मॅकडायर्मिड यांचे आयुष्य मला विशेष जवळचे वाटते.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १९२७ रोजी न्यूझीलंडमधील मास्टर्टन गावी झाला. मंदीत वडिलांची नोकरी गेली. पाच भावंडांच्या घरात कायम ओढाताण. दहाव्या वर्षाच्या सुमारास वडिलांचे रसायनशास्त्राचे जुने पुस्तक हाती लागले आणि मुलाला त्याची गोडी लागली. पण सोळाव्या वर्षी शाळा सुटली. वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया कॉलेजात प्रयोगशाळेतली भांडी धुवायची, केर काढायचा आणि उरल्या वेळात शिकायचे, असे दिवस काढत ते पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्राध्यापक झाले.

१९७५ साली जपानमध्ये त्यांची हिदेकी शिराकावा यांच्याशी गाठ पडली. शिराकावांच्या प्रयोगशाळेत एकदा उत्प्रेरक चुकून हजारपट पडला होता आणि काळ्या भुकटीऐवजी पॉलिॲसिटिलीनचा चंदेरी पापुद्रा तयार झाला होता! मॅकडायर्मिड यांनी त्यांना अमेरिकेला बोलावले. भौतिकशास्त्रज्ञ ॲलन हीगर सोबतीला आले.

गंमत अशी, की पापुद्रा जितका शुद्ध करावा, तितकी त्यातून वीज कमी वाहू लागली. तेव्हा त्यांनी उलट मुद्दाम भेसळ केली. आयोडीनची वाफ देताच वाहकता सुमारे एक कोटी पटीने वाढली.

असे का व्हावे? हाऊसफुल्ल नाट्यगृहाची कल्पना करा. सगळ्या खुर्च्या भरलेल्या असल्या की कुणालाच सरकता येत नाही. एक प्रेक्षक उठून गेला, की शेजारी सरकतो, मग त्याचा शेजारी, आणि रिकामी जागा रांगभर फिरते. आयोडीन असेच काही इलेक्ट्रॉन उचलून नेते. कार्बनच्या साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध आळीपाळीने असतात. तिथे हा क्रम चुकतो आणि ती चूकच साखळीवरून धावू लागते. शास्त्रज्ञ तिला सॉलिटॉन म्हणतात.

पॉलिॲसिटिलीन हवेत टिकत नाही, म्हणून ते घरोघरी पोचले नाही. मॅकडायर्मिड मग पॉलिॲनिलीनसारख्या अधिक टिकाऊ भाऊबंदांकडे वळले. २००० साली तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ७ फेब्रुवारी २००७ रोजी मॅकडायर्मिड गेले.

मुलाच्या प्रगतिपुस्तकावरची लाल रेघ पाहून आपण घाबरतो. अशा वेळी, कॉलेजात भांडी धुणारा तो सोळा वर्षांचा मुलगा मला हटकून आठवतो.