रंगांचे पाचारण : चित्रकार आंजेलो दा फोन्सेका (१९०२-१९६७)

मोठेपणी तू कोण होणार, असे आपण घरोघरी मुलांना विचारतो. डॉक्टर, वकील, इंजिनीअर असे उत्तर आले की आपले समाधान होते. चित्रकार होणार असे एखादे मूल म्हणाले, तर मात्र आपण हसून विषय बदलतो. अशा वेळी आम्हांला आंजेलो दा फोन्सेका यांचे स्मरण होते.

आंजेलो यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव्ह या गावी एका भाविक कॅथलिक कुटुंबात झाला. गोव्यात तेव्हा पोर्तुगिजांची सत्ता होती. सुस्थितीतील ख्रिस्ती घरातल्या हुशार मुलाने डॉक्टर, वकील किंवा धर्मगुरू व्हावे, ही त्या काळची रीत. त्या रीतीस अनुसरून आंजेलो मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. परंतु तेथे त्यांचे मन रमले नाही. प्रतिष्ठेचा तो मार्ग अर्ध्यावर सोडून त्यांनी सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. तेथील शिक्षण पाश्चात्त्य वळणाचे होते. भारतीय चित्रकलेची ओढ लागलेल्या आंजेलोंनी मग शांतिनिकेतनाची वाट धरली आणि अवनींद्रनाथ टागोर यांचे शिष्यत्व पत्करले.

तेथे त्यांना आपली वाट गवसली. मातकट, गेरूच्या छटांच्या जलरंगांत ते ख्रिस्तजन्माचे प्रसंग रंगवू लागले. त्यांची पवित्र मरिया साडी नेसलेली, सावळी, आपल्याच गावातील माउली वाटावी अशी होती. आज अशा चित्रांचे कोणास नवल वाटणार नाही. १९३०च्या दशकात मात्र युरोपीय चेहऱ्यांच्या मूर्तींपुढे प्रार्थना करण्याची सवय जडलेल्या गोव्यातील अनेक श्रद्धावंतांना ती रुचली नाहीत. स्वतःच्याच माणसांकडून झालेली ही टीका त्यांच्या वाट्याला आली आणि त्यांना जन्मभूमी सोडावी लागली.

पुण्यातील क्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना आसरा दिला. हा आश्रम अँग्लिकन पंथीयांचा होता, हे विशेष. एका कॅथलिक चित्रकाराची कला दुसऱ्या पंथाच्या छायेत बहरली. मुंबईचे येशूसंघीय इतिहासकार फादर हेरास यांनीही त्यांना मोलाचे प्रोत्साहन दिले. पुढची तीन दशकांहून अधिक वर्षे आंजेलो चित्रे काढीत राहिले. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या द्वितीय व्हॅटिकन परिषदेने स्थानिक संस्कृती आणि कला यांचे उपासनेत स्वागत केले. आंजेलोंनी ते कार्य तीसएक वर्षे आधीच आरंभिले होते. डिसेंबर १९६७मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या गोव्याने त्यांना एके काळी दूर लोटले, त्याच गोव्यात, पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात, आज त्यांची अनेक चित्रे जतन केलेली आहेत.

पाचारण म्हटले की धर्मगुरू व धर्मभगिनी यांचेच जीवन आपल्या डोळ्यांसमोर येते. परमेश्वर कुणाला कुंचला हाती घेण्यासाठीही बोलावतो, आणि ती हाक पंचविशीतही ऐकू येऊ शकते. आंजेलोंनी वैद्यकीय शिक्षण सोडले नसते, तर एक डॉक्टर समाजाला लाभला असता. साडीतील मरियामाता मात्र आपल्याला बहुधा फार उशिरा भेटली असती. आपल्या घरातील एखादा मुलगा वा मुलगी उद्या वेगळी वाट निवडू पाहील, तेव्हा नकार देण्यापूर्वी त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेऊ या.