जेम्स पार्किन्सन

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत खाजकुहिलीचा वेल होतो. त्याच्या शेंगेची लव अंगास लागली म्हणजे काय हाल होतात, हे विद्यार्थ्यांस सांगावयास नको. त्याच शेंगेच्या बियांतून मद्रासच्या संशोधकांनी १९३७ साली लेव्होडोपा नामक द्रव्य वेगळे काढले. आज ते कंपवातावर मुख्य औषध आहे. या रोगास ज्यांचे नाव मिळाले, त्या इंग्लिश वैद्यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहोत.

जेम्स पार्किन्सन यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजी लंडनच्या हॉक्स्टन भागात झाला. वडिलांचाच वैद्यकीचा धंदा त्यांनी पत्करला आणि त्याच वस्तीत आयुष्य काढले. गृहस्थ मोठे उद्योगी! सरकारावर टीका करणारी पत्रके त्यांनी टोपणनावाने लिहिली. १७९४ साली राजाच्या वधाच्या कथित कटाच्या चौकशीत त्यांस प्रिव्ही कौन्सिलपुढे जबानीही द्यावी लागली. पुढे दगडांत सापडणाऱ्या प्राचीन जीवांच्या अवशेषांवर त्यांनी तीन खंड लिहिले.

परंतु त्यांचे नाव राहिले ते १८१७ सालच्या एका लहानशा निबंधामुळे. त्यात केवळ सहा रोग्यांचे वर्णन आहे. पैकी दोघे रस्त्यात भेटलेले, एक तर नुसता दुरूनच पाहिलेला. हातांचा कंप, पुढे वाकलेले शरीर, चालता चालता धावू लागणारी पावले, सर्व काही त्यांनी अचूक टिपले. एक गोष्ट मात्र चुकली. या रोगात बुद्धी शाबूत राहते, असे त्यांनी लिहिले. दुरून पाहिलेल्या माणसाची विचारशक्ती कशी कळावी? फ्रान्सचे शार्को यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या रोगास पार्किन्सन यांचे नाव दिले, आणि हे विधानही खोडून काढले.

आज मेंदूची चित्रे घेता येतात. माणूस स्वस्थ पडला असताही मेंदूचे दूरदूरचे भाग एकमेकांशी संधान राखून असतात. डोंबाऱ्याच्या दोरीचे पीळ सुटावेत तसे हे संधान या रोगात अनेकांचे ढिले पडते. मग लक्ष टिकत नाही, बेत आखता येत नाही, उत्तर सुचावयास वेळ लागतो. सर्वांचेच असे होते असे नाही, परंतु वर्षे लोटतात तसे पुष्कळांचे होते. लेव्होडोपाने हालचाल मोकळी होते. बुद्धीस त्याचा तितका उपयोग होत नाही. (बिया मात्र कोणी आपल्या मनाने खाऊ नयेत, त्यांतील मात्रा मोजलेली नसते.)

आमच्या खेड्यांत अशा आजोबांस हट्टी, आळशी म्हणतात. विचारलेल्याचे उत्तर त्यांच्याऐवजी दुसराच देऊन टाकतो. पालकांनी क्षणभर थांबून पाहावे. उत्तर बहुधा येते, उशिरा येते इतकेच.

पार्किन्सन २१ डिसेंबर १८२४ रोजी वारले. त्यांची खात्रीची अशी एकही तसबीर उरलेली नाही.